उपस्थित नागरिक: एक

अडुसष्ट ते एक्क्याण्णव अशी तेवीस वर्षं मी टोर्विक गावच्या कौन्सिलची कारकून होते. महिन्याच्या पहिल्या सोमवारी संध्याकाळी सात वाजता, आगीच्या बंबाच्या शेडला लागून जी खोली आहे तिथं सभा भरायची. नगराध्यक्ष ड्वेन आस्पलंड, चार सभासद आणि टाइपरायटर घेऊन मी. लोकांसाठी वीस घडीच्या खुर्च्या मांडायची जबाबदारी माझीच. त्यांतल्या एकोणीस रिकाम्या राहायच्या. विसावीवर, मागच्या रांगेत हीटरशेजारी, मिसेस प्रिझबिला बसायच्या.

मी कामाला लागले त्याच्या आधीपासून त्या येत होत्या. कोट अंगातच, पर्स मांडीवर, हात पर्सवर. बोलायच्या नाहीत. गटारावर चर्चा असो, कुत्र्यांच्या पट्ट्यांवर असो की टाकीच्या रंगावर, त्या शेवटपर्यंत ऐकायच्या आणि सभा संपली की सगळ्यांना मान लववून निघून जायच्या. व्हर्नन स्टेनबर्ग नावाचे एक सभासद होते, ते दर वेळी घड्याळ बघून म्हणायचे, "मागची बाई आली का? मग करा सुरू." सगळे हसायचे. त्याही हसायच्या, थोड्याशा. इतिवृत्तात मी टाइप करायचे, 'उपस्थित नागरिक: एक.' नाव लिहायची पद्धत नव्हती, आणि ते आडनाव टाइप करायचा मला कंटाळाही होता. खरं ते सांगते.

त्यांचं नाव जेनेव्हिव्ह. मूळच्या शिकागोच्या, पोलिश, कॅथलिक. नवरा स्टॅन रेल्वेत होता. एकसष्ट साली त्याची बदली आमच्या स्टेशनवर झाली आणि ही दोघं मिनेसोटाच्या या कोपऱ्यात येऊन पडली. चार वर्षांत रेल्वेनं स्टेशनच बंद केलं. स्टॅन धान्याच्या कोठारावर कामाला लागला आणि पुढच्याच ऑगस्टमध्ये, दुपारचं जेवण करून उठता उठता, जागच्या जागी गेला. जेनेव्हिव्ह तेव्हा सत्तेचाळीस वर्षांच्या होत्या. मूलबाळ नव्हतं. वृद्धाश्रमाच्या लॉन्ड्रीत चादरी धुण्याचं काम त्यांना मिळालं, आणि त्या इथंच राहिल्या.

आम्ही त्यांच्याशी वाईट वागलो असं कुणी म्हणणार नाही. स्टॅन गेला तेव्हा चर्चच्या बायकांनी रीतीप्रमाणे अकरा भांडी नेऊन दिली, नूडल्स आणि खिमा घालून भट्टीत भाजलेली. प्रत्येक भांड्याच्या बुडाला चिकटपट्टीवर मालकिणीचं नाव. त्यांनी ती सगळी भांडी घासूनपुसून स्वतः घरोघरी परत नेली. अकरा दारं त्यांनी वाजवली. अकराही जणींनी हसून भांडं घेतलं, आभार मानले, थंडी लवकर पडणार यंदा असं काहीतरी म्हणाल्या. आत या, असं कुणीच म्हटलं नाही. त्या अकरांत मीही होते. माझ्या हाताला पीठ लागलं होतं, पाहुणे यायचे होते, असं मी पुढं कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आले.

त्यानंतर आम्ही रस्त्यात त्यांना हात करायचो. टोर्विकमध्ये हात सगळ्यांनाच करतात, अनोळखी ट्रकवाल्यालासुद्धा. गाव नॉर्वेजियन लोकांचं, लुथरन म्हणजे प्रोटेस्टंट. एकमेकांचे आजे एकाच बोटीतून आलेले. जेनेव्हिव्हचं कॅथलिक चर्च बावीस मैलांवर दुसऱ्या गावात. ज्या घरात त्या सतरा वर्षं राहिल्या त्याला अजून सगळे 'हॉगेनचं घर' म्हणायचे, आणि हॉगेन तर कोरियाच्या लढाईच्या आधीच वारला होता.

अठ्ठ्याहत्तरच्या जानेवारीत एका रविवारी पारा शून्याखाली सव्वीसवर गेला. जेनेव्हिव्हची गाडी काही केल्या चालू होईना, म्हणून त्यांचं चर्च राहिलं. बाकी सगळं गाव आमच्या चर्चमध्ये होतं. त्यामुळे दहाच्या सुमाराला मेन स्ट्रीटवर डांबर फुगून वर आलं आणि त्यातून पाणी उकळल्यासारखं बाहेर पडायला लागलं, तेव्हा ते बघायला गावात त्या एकट्याच होत्या.

पास्टर लिंडर प्रवचनाच्या ऐन मध्यावर होते. मागचं दार उघडलं आणि थंडीचा लोट आत आला. आम्ही सगळ्यांनी माना वळवल्या. लॉन्ड्रीतले रबरी बूट, डोक्याला रुमाल, पापण्यांवर बर्फ. सतरा वर्षांत त्या चर्चच्या दारात पहिल्यांदा उभ्या होत्या. त्यांनी काहीतरी म्हटलं, पण ऐकू आलं नाही.

"पुढे या, मिसेस प्रिझबिला," पास्टर म्हणाले.

त्या मधल्या वाटेनं थेट पुढपर्यंत चालत गेल्या. बुटांतून पाणी गळत होतं. पुढचे चार बाक आमच्या चर्चमध्ये नेहमीच रिकामे, त्यामुळे ती चाल फार लांबली. मग त्या लोकांकडे वळल्या.

"माफ करा. डेअरीसमोर पाण्याची मोठी लाईन फुटलीय. रस्त्यावर घोट्याएवढं पाणी आहे आणि ते गोठतंय. आपण असंच बसलो तर दुपारपर्यंत टाकी रिकामी होईल."

मग बायबलं आपटल्याचा आवाज आला आणि पुरुष माणसं कोट चढवत बाहेर पळाली. त्यांच्यामागे आम्ही.

रस्त्यावर बघवत नव्हतं. पाणी पुढं धावत होतं आणि मागं काच होत होतं. पाण्याचं काम बघणारा हार्लन मो तालुक्याच्या इस्पितळात हर्नियाचं ऑपरेशन करून पडलेला. त्याच्या आधीचा माणूस कबरीत. नकाशा कुणाकडेच नव्हता, दोघांच्याही डोक्यात होता. तिथला व्हॉल्व्ह बंद केला तर फुटलेला तुकडा वेगळा पडून गावाला दुसऱ्या बाजूनं पाणी मिळत राहणार होतं. पण व्हॉल्व्ह कुठाय? जमिनीवर फक्त एक लोखंडी झाकण असतं, बशीएवढं, आणि त्यावर महिन्याभराचा बर्फ आणि खडी. वृद्धाश्रमाचा बॉयलर याच पाण्यावर चालायचा. आत बासष्ट म्हातारी माणसं होती.

"थर्ड स्ट्रीटच्या कोपऱ्यावर आहे," ड्वेन म्हणाला. "मी लहान असताना बघितलाय. चला, खणा."

सहा जणांनी कुदळी घेतल्या. जेनेव्हिव्ह त्याच्या मागं जाऊन उभ्या राहिल्या.

"तिथं नाहीये तो आता, मिस्टर आस्पलंड. हलवलाय."

"कोण म्हणालं?"

"तुम्हीच म्हणालात. सत्तर सालच्या ऑगस्टच्या सभेत. डेअरीनं माल चढवायचा ओटा बांधला, तेव्हा व्हॉल्व्ह त्याच्याखाली गेला असता, म्हणून उत्तरेला सरकवला."

ड्वेन माझ्याकडे वळला. "अर्लिस, असं काही झालं होतं?"

ठराव मला अंधुक आठवत होता. इतिवृत्तात मी एवढंच लिहिलं होतं, 'व्हॉल्व्ह हलवण्यास मंजुरी.' कुठं हलवला ते लिहिलंच नव्हतं.

"बहुतेक झालं होतं," मी म्हटलं.

"बहुतेकवर मी नाही खणत," ड्वेन म्हणाला आणि त्यानं कोपऱ्यावरच काम चालू ठेवलं. ड्वेन काही दुष्ट माणूस नव्हता. तो ट्रॅक्टरचं दुकान चालवायचा, चार वेळा बिनविरोध निवडून आला होता, आणि आपल्याला गाव माहीत आहे यावर त्याचा गाढ विश्वास होता. वीस मिनिटं ते खणत होते. खाली नुसती माती. टाकीवर पाठवलेला माणूस परत येऊन म्हणाला की पाणी अर्ध्याच्या खाली गेलंय.

जेनेव्हिव्ह तोवर ओट्याच्या कोपऱ्यापाशी गेल्या होत्या. तिथून त्या पावलं मोजत निघाल्या, टाचेला अंगठा लावून, एक एक करत. एका जागी थांबल्या आणि बुटानं फुली काढली.

"एकोणीस फूट," त्या मोठ्यानं म्हणाल्या. "मिस्टर मो त्या दिवशी एकोणीस म्हणाले होते. मिस्टर स्टेनबर्ग, तुम्ही वीस म्हणालात, आणि दोघांचं त्यावरून दहा मिनिटं भांडण झालं. तुम्ही म्हणालात, हार्लनला फूटपट्टी वाचता येत नाही."

व्हर्नन स्टेनबर्ग कुदळ टेकवून उभे राहिले. "बाई, हे मात्र मी बोललो होतो," ते म्हणाले. "मला आठवतंय. तो चिडून निघून गेला होता." आणि ते जाऊन जेनेव्हिव्हच्या फुलीवर कुदळ मारायला लागले. मग बाकीचेही आले. चौथ्या मिनिटाला लोखंडावर लोखंड वाजलं.

झाकण मिळालं साडेएकोणीस फुटांवर. व्हर्नन अजून म्हणतात की आपणच जिंकलो.

लांब दांड्याचा पाना लावून तीन जणांनी व्हॉल्व्ह फिरवला. रस्त्यावरचं उकळणं हळूहळू मंदावलं आणि थांबलं. कुणी टाळ्याबिळ्या वाजवल्या नाहीत, आमच्याकडे तशी रीत नाही. लोक एकमेकांकडे बघत होते आणि मग जेनेव्हिव्हकडे बघत होते, इतकंच. पण त्या बघण्यात काहीतरी नवीन होतं. ही बाई अकरा वर्षं आपलं सगळं बोलणं ऐकत होती, हे प्रत्येकाच्या एकदमच लक्षात आलं असावं.

फेब्रुवारीच्या सभेत ड्वेननं सुरुवातीलाच म्हटलं, "रविवारच्या मदतीबद्दल मिसेस प्रिझबिला यांचे आभार. पुढचा विषय, कुत्री."

मागच्या रांगेत हात वर झाला. टाइपरायटरवरची माझी बोटं थांबली.

"मला विचारायचंय," जेनेव्हिव्ह म्हणाल्या. त्या उभ्या राहिल्या. "नकाशा कधी काढणार?"

"बघू या. पुढच्या वर्षीच्या बजेटमध्ये घेता आलं तर..."

"मी काढते."

"तुम्ही?"

"काढू दे की रे ड्वेन," हार्लन मो म्हणाला. इस्पितळातून नुकताच सुटून आला होता, पोट धरून बसला होता. "मी मेलो तर काय अख्खं गाव खणणार आहात? मला जे माहीत आहे ते मी सांगेन तिला. बाकी घराघरात विचारावं लागेल. प्रत्येक अंगणात एक झाकण आहे, आणि निम्म्यांच्या जागा मलाही ठाऊक नाहीत."

ठराव मंजूर झाला. विरोधात कुणी नाही, कारण फुकट काम कोण नाकारणार.

बर्फ वितळल्यावर एप्रिलमध्ये त्या निघाल्या. एक वही, एक पेन्सिल आणि साठ फुटी टेप. दोनशे चौदा घरं होती. रोज लॉन्ड्रीतली पाळी संपली की तीन घरं, शनिवारी आठ. झाकण शोधायचं, घराच्या दोन कोपऱ्यांपासून अंतर मोजायचं, वहीत मांडायचं. आणि टेपचं दुसरं टोक धरायला घरातलंच कुणीतरी लागायचं.

तिथंच सगळं फिरलं. माणूस चप्पल घालून बाहेर आलं, टोक धरून कोपऱ्याला उभं राहिलं, की काहीतरी बोलणं भागच पडायचं. इथं पूर्वी सफरचंदाचं झाड होतं. हे झाकण माझ्या बापानं बसवलं. इथंच माझ्या मुलाचा पाय मोडला. मोजून झालं की हात चिखलानं भरलेले, मग हात धुवायला आत या, आणि आत आल्यावर कॉफी न देता कुणाला पाठवायचं म्हणजे आमच्याकडे शोभत नाही. सेल्मा क्विस्ट म्हणून चौऱ्याऐंशीची म्हातारी होती, मुलगी गेल्यापासून तीन वर्षं उंबऱ्याबाहेर पडली नव्हती. जेनेव्हिव्ह दारात म्हणाल्या, "मला तिसरा हात नाही, तुम्हाला यावंच लागेल." सेल्मा काठी टेकत आली, टोक धरून उभी राहिली, आणि काम झाल्यावर म्हणाली, "शेजारच्यांचं कोण धरणार? ते तर कामावर असतात." म्हणून शेजारच्यांचंही तिनंच धरलं. त्या आठवड्यात सेल्मानं अख्खी गल्ली मोजली.

मे महिन्यात माझं घर आलं. मी दार उघडलं. त्या पायरीवर उभ्या, गळ्यात टेप.

"आधी आत या," मी म्हटलं.

"आधी मोजू या. कॉफी प्यायले की माझे आकडे चुकतात."

आम्ही मोजलं. मग त्या माझ्या स्वयंपाकघरात बसल्या. मी कॉफी ओतली, खजुराच्या वड्या ठेवल्या. जे बोलायचं होतं ते माझ्या ओठांवर बारा वर्षं होतं.

"तुम्ही माझं भांडं परत आणलं होतं," मी शेवटी म्हटलं. "स्टॅन गेला तेव्हा. मी दारातूनच..."

"निळं भांडं. कान तुटलेलं," त्या म्हणाल्या. "मला अकराही भांडी आठवतात, अर्लिस."

त्यांनी वडी उचलली.

"मी तुम्हाला एक सांगते, कुणाला सांगू नका. लोकांना वाटतं मला गावाच्या कारभाराची फार आवड. पहिल्या हिवाळ्यात मी पोस्टात गेले होते. दारावर कागद होता, 'सभा सर्वांना खुली.' तसा कागद गावात दुसरीकडे कुठंच नव्हता. घरी मला बसवत नव्हतं. घड्याळ, फ्रिज, घड्याळ. तुमच्या खोलीत माणसं बोलायची, हीटर असायचा, आणि मला तिथून कुणी उठवू शकत नव्हतं. काय बोलतायत याच्याशी मला आधी काही घेणंदेणं नव्हतं. मग हळूहळू कळायला लागलं. आणि कळल्यावर आवडायला लागलं."

"आम्ही कधी बोलावलं नाही तुम्हाला," मी म्हटलं.

"नाही बोलावलंत. मला रागही यायचा. खूप. परत जाताना मी रस्ताभर पोलिशमध्ये शिव्या घालायचे, एकेकाच्या नावानं."

"मला पण?"

"तुम्हाला जास्त. तुम्ही माझं नाव नाही लिहिलंत कधी." आणि त्यांनी कप पुढं केला. "अजून आहे का कॉफी?"

जूनच्या सभेपासून मी नाव लिहायला लागले. पहिल्या वेळी तीनदा खोडावं लागलं.

सप्टेंबरात नकाशा पूर्ण झाला. स्वयंपाकघराच्या टेबलाएवढा कागद, त्यावर प्रत्येक पाईप, प्रत्येक झाकण, शाईनं. हार्लननं तो बघितला आणि टोपी काढून नुसता उभा राहिला. मग म्हणाला, "एकच चूक आहे. माझं घर तुम्ही जास्तच सरळ काढलंय."

नोव्हेंबरात निवडणूक होती. ड्वेन पाचव्यांदा उभा, समोर कुणी नाही. मतपत्रिकेवर छापील नावाखाली एक रिकामी ओळ असते. एखाद्याला दुसरंच कुणी हवं असलं तर स्वतःच्या हातानं नाव लिहावं. त्या ओळीवर दर वेळी चारपाच नावं यायची, त्यांतली दोन मेलेल्या माणसांची आणि एक कुणाच्यातरी घोड्याचं.

त्या वर्षी मतदान संपल्यावर पेटी उघडली आणि पहिल्याच मतपत्रिकेवर त्या ओळीत पेन्सिलनं लिहिलेलं, 'प्रिझबेला.' दुसरीवर 'प्रिसबिली.' मग 'मिसेस पी.' मग ड्वेनच्या छापील नावाची तीन. मग 'फ्रिझबी.' मोजणाऱ्या तिघींपैकी आर्डेल ही ड्वेनची मेहुणी होती. तिनं चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. कुणी ठरवलं, कुणी कुणाला सांगितलं, मला आजपर्यंत कळलेलं नाही. विचारलं की प्रत्येक जण म्हणतो, मला वाटलं मी एकटाच लिहितोय.

ड्वेनला एकशे अठ्ठावीस पडली. जेनेव्हिव्हचं आडनाव कसंबसं तरी लिहिलेली एकशे एकोणीस. आणि तेवीस मतपत्रिकांवर नुसतं लिहिलं होतं, 'टेपवाली बाई.'

"ही धरायची की नाही?" आर्डेल म्हणाली. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "नाव नाहीये यावर."

ड्वेन निकाल ऐकायला आलेलाच होता, दाराशी टोपी हातात घेऊन उभा. तो टेबलापाशी आला. त्या तेवीस मतपत्रिका त्यानं एकेक करून बघितल्या. काहींचं अक्षर त्याच्या ओळखीचं असणार, दुकानात सगळ्यांच्या सह्या असायच्या. चेहरा लाल झाला होता.

"गावात टेप घेऊन फिरणारी दुसरी कुठली बाई आहे का?" त्यानं विचारलं.

"नाही," आर्डेल म्हणाली.

"मग कोण ते सगळ्यांना कळतंय. मोजा."

ती धरून जेनेव्हिव्हची एकशे बेचाळीस झाली. ड्वेननं टोपी घातली आणि तो निघून गेला. त्याच्या बायकोनं पुढं दोन वर्षं जेनेव्हिव्हशी बोलणं टाकलं. ड्वेन स्वतः मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी लॉन्ड्रीत गेला आणि चादरींच्या ढिगाऱ्यामागं उभ्या असलेल्या जेनेव्हिव्हना त्यानं हात पुढं करून निकाल सांगितला. मी आदल्या संध्याकाळी दोनदा फोन केला होता, पण त्या घरी नव्हत्या. सेल्मा क्विस्टकडे पत्ते खेळत होत्या.

त्यांचं म्हणणं पहिल्यांदा हेच होतं, "नाही जमणार मला."

"का?" ड्वेननं विचारलं.

"मी इथली नाहीये."

"दोनशे चौदा घरांपैकी किती जणांच्या स्वयंपाकघरात तुम्ही गेलाय?"

"दोनशे अकरा. तिघांकडे कुत्री होती."

"मी जन्मलो इथं," ड्वेन म्हणाला, "आणि माझी चाळीस झाली नसतील."

एकोणऐंशीच्या जानेवारीतल्या पहिल्या सोमवारी मी नेहमीसारख्या वीस खुर्च्या मांडल्या. पावणेसातला त्या भरल्या. मग शाळेतून बाक आणले, बंब बाहेर काढून शेडचं दार उघडलं, आणि लोक कोट घालून तिथंही उभे राहिले. शपथ मीच दिली. त्यांच्या अंगात निळा लोकरी ड्रेस, कानांत बारीक मोती. उजवा हात वर, डावा टेबलावर घट्ट टेकवलेला. ड्वेननं सभा चालवायचा लाकडी हातोडा त्यांच्यापुढं सरकवला आणि खाली, लोकांत, दुसऱ्या रांगेत जाऊन बसला.

त्यांनी समोर बघितलं. इतकी माणसं त्या खोलीत त्यांनी कधी बघितली नव्हती, आणि मीही नाही.

"वृद्धाश्रमाच्या दारात दिवा नाहीये," त्या म्हणाल्या. "पहाटे पाळीवर येणाऱ्या बायका बर्फावर घसरतात. मी स्वतः दोनदा पडलेय. कुणाला यावर भाषण करायचंय?"

कुणालाच करायचं नव्हतं.

"मिस्टर स्टेनबर्ग, तुम्हालासुद्धा नाही?"

"मी वीस फुटांवर लावा म्हणणार होतो," व्हर्नन म्हणाले, "पण गप्प बसतो."

आणि तेव्हा त्या हसल्या. आधी ओठ दाबून, मग मान मागं टाकून, खोलीभर घुमेल असं. शिकागोचं, मोकळं, दणदणीत हसू. ते त्यांच्यात आहे हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. आधी पुढच्या रांगेतले हसले, मग शेडमध्ये उभे असलेले, ज्यांना विनोद ऐकूसुद्धा आला नव्हता. दिवा चार मिनिटांत मंजूर झाला.